‘सोड’ की ‘सोडव’

३ फेब्रुवारी, सोमवार

परत आलं. चौथ्यांदा!

अख्खा अध्याय पास झाला. खोटी साक्ष देऊ नका — पास. परक्याला छळू नका — पास. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा — पास. अडलं ते गाढव.

वाक्य साधं आहे. तुझा द्वेष करणाऱ्या माणसाचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर त्याला तसंच टाकून जायचं नाही. इथपर्यंत ठीक. पुढे त्याच्याबरोबर काय करायचं, तिथे मूळ हिब्रूत क्रियापद आहे ‘आझव’. आणि ‘आझव’ म्हणजे सोडणे. ‘टाकून जायचं नाही’ यातही तेच क्रियापद. म्हणजे शब्दशः वाचलं तर असं होतं — सोडायचं नाही, त्याच्याबरोबर नक्की सोडायचं. काय सोडायचं? गाढव? ओझं? राग?

समासात लाल शाईने लिहून आलंय : ‘सोड की मदत कर? ठरवा.’

ठरवलं होतं म्हणून तर लिहिलं होतं!

बायबलमधल्या जुन्या कराराच्या या नव्या अनुवादात आम्ही तिघं आहोत — मी अनुवाद करते, टायपिस्ट टाइप करते, अध्यक्ष दोघींची बोलणी खातात. चौथे परीक्षक. ते चार वर्षांत ऑफिसात आलेले नाहीत. कागद घरी जातात आणि तांबडे होऊन येतात. ऑफिसात त्यांचं नाव ‘लाल शाई’. अक्षर पूर्वी मोत्यांसारखं होतं, आता किडे चालल्यासारखं. वय झालं असणार. खोड काही गेली नाही.

पंधरा मार्चच्या आत छपाईला द्यायचंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे विचारत होते, दिवसभर कुठल्या शब्दावर डोकं फोडतेस? म्हटलं, सोडणे. हे म्हणाले, “मग सोड ना.”

बोलले नाही यांच्याशी जेवण होईपर्यंत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज वाक्य लोकांना ऐकवलं. ही आमची पद्धत — ज्यांचा या कामाशी संबंध नाही अशा तिघांना वाचून दाखवायचं आणि काय कळलं ते विचारायचं. मी लिहिलं होतं, ‘त्याला सोडून जाऊ नकोस, त्याच्याबरोबर ते सोडव.’

वॉचमन म्हणाला, गाढव सोडवलं तर ते पळून जाणार. मग मालक आपल्यालाच धरणार.

खालच्या बाइंडिंगमधल्या बाई म्हणाल्या, कुणाचं भांडण लागलंय का?

टेम्पोवाला मात्र गंभीरपणे ऐकत होता. त्याचं म्हणणं, बाकी सगळं कळलं, ‘त्याच्याबरोबर’ कळलं नाही. तो माझा दुष्मन ना? मग ओझं मी एकटा उतरवीन. त्याने लांब उभं राहावं. बरोबर कशाला?

नंतर परीक्षकांचं ‘त्याला मदत कर’ वाचून दाखवलं. तिघांनाही झटक्यात कळलं.

फार राग आला. तिघांचाही.

घरी येऊन यादी केली. माणूस आईबापांना सोडतो आणि बायकोला धरून राहतो — आझव. तरुण गुलाम मालकिणीच्या हातात आपला कपडा सोडून पळतो — आझव. द्राक्षं तोडताना थोडी गरिबांसाठी सोडायची — तेही आझव. म्हणजे टाकणं नाही, उलट देणं! दुःखाने पिचलेला माणूस म्हणतो, मी हा चेहरा सोडून देईन आणि हसेन. तोच पुढे म्हणतो, आता मी माझी तक्रार मोकळी सोडतो. आपल्याकडे तोंड सोडतात, तसंच थोडंसं.

मराठी या शब्दासाठीच जन्मली आहे. केस सोडतो, गाठ सोडतो, नाद सोडतो, एखाद्याला वाऱ्यावर सोडतो, पाहुण्याला स्टँडवर सोडतो. असा शब्द हाताशी असताना ‘मदत कर’ लिहायचं? ते कुठल्याही सरकारी पत्रकात लिहितात.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाल शाईचं पत्र आलं. चार ओळी. हे क्रियापद वेगळं आहे म्हणे. दिसायला आझवसारखंच, पण अर्थ सावरणे, मदत करणे. पुरावा म्हणून शहराच्या तटाचं वाक्य दिलंय, जिथे लोक भिंत ‘आझव’ करतात. भिंत सोडून कशी देतील? दुरुस्तच केली असणार. शिवाय पाचव्या पुस्तकात हाच नियम पुन्हा आलाय, तिथे सरळ ‘त्याच्याबरोबर उभं कर’ असं आहे.

हे सगळं मला माहीत आहे. काही अभ्यासक तसं मानतात, काही मानत नाहीत. मी तीन पानांचं उत्तर दिलं होतं. त्यातल्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. तेच मुद्दे, तोच क्रम, गेल्या पत्रातलेच शब्द. भिंतीशीच बोलतेय मी. तीसुद्धा दुरुस्त न झालेली.

अध्यक्ष म्हणाले, मॅडम, एका शब्दासाठी किती ताणायचं? म्हटलं, त्यांना विचारा. तर म्हणे ते फोन घेत नाहीत.

कुणाला सांगणार? एकोणीस वर्षांपूर्वी, पहिल्या समितीत असताना, याच माणसाचा अहवाल आला होता. तीन पानं, लाल. शेवटचं वाक्य अजून पाठ आहे — ‘अनुवादिकेला शब्दकोश येतो, भाषा येत नाही.’ तो सगळ्यांसमोर वाचला गेला. महिनाभरात माझं नाव निघालं. परत यायला तेरा वर्षं लागली. पलीकडच्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर हिब्रू अक्षरं पहिल्यापासून गिरवत होते, पस्तिशी उलटल्यावर.

आणि तोच माणूस आता मला विचारतो, ठरवा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. पाचवं स्मरणपत्र पाठवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अध्यक्षांनी सांगितलं, सोमवारी कागद घेऊन तुम्हीच जा त्यांच्याकडे. समोरासमोर बसा आणि मिटवा.

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, टायपिस्टला पाठवा. अध्यक्ष म्हणाले, ती दोनदा जाऊन आली, दार उघडत नाहीत.

म्हणजे मी गेल्यावर उघडणार आहेत!

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाठ मोडलीय. तरी लिहून ठेवते.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. तीनदा बेल वाजवली. दार वीतभर उघडलं. मी त्यांना बारा वर्षांपूर्वी एका सभेत लांबून पाहिलं होतं, तेव्हा ताठ होते. आज पँट गुडघ्यापर्यंत ओली, खांद्यावर टॉवेल, चष्म्यावर पाण्याचे थेंब. मी ओळख सांगितली. म्हणाले, कागद तिथे ठेवा आणि या.

आतून कुणीतरी हाका मारत होतं. अहो. अहो. ना राग, ना घाई. घड्याळाचा टोला पडावा तसं.

मी कागद खुर्चीवर ठेवले. निघायलाच हवं होतं. पण ते दार लावायला वळले तेव्हा ओल्या हातातून कडी दोनदा सुटली. मी विचारलं, कोण पडलंय?

ते न्हाणीघराकडे वळले. मी चपला काढल्या.

त्यांच्या पत्नी न्हाणीघरात जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, अंगावर ओला गाऊन. देह मोठा. चेहऱ्यावर काही नाही. पावणेदहाला पडल्या होत्या, आणि तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पाऊण तास परीक्षक त्यांचे हात धरून ओढत होते.

मी म्हटलं, “हात ओढू नका, खांदा निखळेल. चादर आणा. आणि एक स्टूल.”

सासूबाईंची चार वर्षं मी काढलीत, हे तरी मला येतं. आधी कुशीवर. मग गुडघ्यांवर. मग कोपर स्टुलावर. चादर काखेखालून घेतली, एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. दोनदा फसलं. पहिल्यांदा त्यांनी आधीच उचललं, दुसऱ्यांदा मी. तिसऱ्यांदा मी आकडे मोजले आणि बाई उभ्या राहिल्या.

पलंगावर निजवलं, कोरडं केलं. ते बाजूला उभे होते. आभार वगैरे नाही. म्हणाले, ऑफिसात काही बोलू नका. मग थोड्या वेळाने म्हणाले, “ते क्रियापद वेगळंच आहे.”

जिन्यातून उतरताना मी मोठ्याने काहीतरी बोलले. इथे लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मलम चोळता चोळता हे म्हणाले, एवढं मोठं माणूस उचलायला तू कशाला गेलीस? मी म्हटलं, टाकून येऊ? यांनी मलमाचं झाकण लावलं. मग म्हणाले, “गाढवाचं वाक्य हेच का?”

डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली या माणसाने. नको तिथे नेमका पाना लावतो.

हेच वाक्य, हो. पण त्यात हे कुठे लिहिलंय की गाढव उभं राहिल्यावर मालक पुन्हा ‘क्रियापद वेगळं’ म्हणेल?

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले होते. सही हवी होती म्हणून. आणि न्हाणीघरात टाकायला रबरी चटई घेऊन गेले. दोन्ही खरं आहे.

घरात कुणी येत नाही. एक बाई ठेवली होती, ती टिकली नाही. मूलबाळ नाही. पत्नीचा आजार विसरण्याचा आहे, चार वर्षं झाली. आता शब्द गेले. ‘अहो’ तेवढं उरलंय, आणि तेही नवऱ्यालाच म्हणतात असं नाही. पंख्यालाही म्हणतात.

मी चादर बदलायला घेतली. बाईंना कुशीवर वळवायचं, अर्धी काढायची, अर्धी घालायची. एवढ्यात बघते तर परीक्षक आरामात खुर्चीत बसून माझे कागद चाळताहेत! लाल पेन उघडलेलं.

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, “सर, एकटीने होणार नाही. उठा आणि पलीकडून धरा.”

ते उठले. पेनला टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि आले. पलीकडून धरलं. कसं धरायचं ते माहीत नव्हतं, मी दाखवलं.

बसमध्ये आठवलं. या वाक्यावर जुन्या ज्यू आचार्यांनी बारीक विचार केलाय. मालक बाजूला बसून म्हणाला, ‘आज्ञा तुला आहे, उतरव तूच,’ तर तुझ्यावर बंधन नाही. ‘त्याच्याबरोबर’ असं म्हटलंय ना! हे आठवून बरं वाटलं. दोन स्टॉप बरं वाटलं.

मग पुढचं आठवलं. मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर मात्र एकट्याने करायचं.

ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

सही राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज वाद घातला. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये बाई. मी केस विंचरत होते, ते वाटी धरून भरवत होते.

मी म्हटलं, क्रियापद दोन मानायची गरजच काय? ओझं बांधलेलं असतं. ते उतरवायचं तर आधी सोडावंच लागतं. एकाच शब्दाने सांगितलंय — त्याला सोडू नकोस, ओझं सोड. सांगणाऱ्याने मुद्दाम तोच शब्द वापरलाय. कानाला कळावं म्हणून.

ते म्हणाले, भिंतीचं काय?

मी म्हटलं, ती लोकांनी तिथेच सोडली असेल. शहर लहान झालं, भिंतीचा तेवढा भाग बाहेर राहिला. असंही मानतात.

ते म्हणाले, क्रियापद वेगळं आहे.

का?

“आहे.”

इतकी वर्षं मी या माणसाला घाबरले! वादाला बसल्यावर याच्याकडे दुसरं वाक्य नाही. मी त्यांना चेहरा सोडून देणाऱ्या माणसाची ओळ म्हणून दाखवली. ते ऐकत राहिले. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. मग उठून आत गेले, आतल्या खोलीत डब्यांचा आवाज आला, आणि हात हलवत परत आले.

हिब्रू शिकवायचे म्हणे कॉलेजात. कसे?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहिते.

बाईंना दूध हवं होतं. सर औषध आणायला खाली गेले होते. मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, साखर शोधायला. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेले. जुने, कडा वळलेल्या. लाल शाईत.

‘गॅस बंद केलास का?’

‘हा डबा साखरेचा. मिठाचा नाही.’

‘न्हाणीघर डावीकडे.’

आणि सगळ्यात खाली — ‘घरात जो उंच माणूस आहे तो तुझा नवरा. भिऊ नकोस.’

अक्षर मोत्यांसारखं. बाईंनी स्वतःलाच लिहून ठेवलेलं.

मी ते अक्षर ओळखते. एकोणीस वर्षं ओळखते. ‘ण’ला अशी गाठ कुणी घालत नाही. ती तीन पानं मी इतक्यांदा वाचलीत की आंधळी झाले तरी बोटाने सांगेन.

सर परत आले तेव्हा मी कपाट उघडं ठेवूनच उभी होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, औषधं ओट्यावर ठेवली.

मी विचारलं, अहवाल कोण लिहायचं?

ते म्हणाले, तीच. सुरुवातीपासून. माझी फक्त सही. एका घरातली दोन माणसं समितीत चालत नव्हती आणि माझं नाव आधीच लागलं होतं. हिब्रू दोघं बरोबरच शिकलो. मग म्हणाले, “मला वाचता येतं. तिला ऐकू यायचं.”

आतल्या खोलीत बुटांच्या खोक्यांमध्ये तिची कार्डं आहेत. एका शब्दाला एक कार्ड. चार वर्षं ते आमचे कागद आले की कार्ड शोधतात आणि त्यावरचं उतरवून पाठवतात. थरथरत्या हाताने, तिच्या पेनाने. कार्डावर नसेल तर काही सुचत नाही. आझवच्या कार्डावर लिहिलंय — दोन वेगळी क्रियापदं, गाढव आणि भिंत दुसऱ्याखाली. म्हणून.

“ती चुकली असं मी कसं लिहू?” असं म्हणाले.

मी विचारलं, माझ्यावरचा तो अहवालही तिचाच?

त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, “हो. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती म्हणाली होती, फार लागेल का हो हे? मी म्हटलं, राहू दे. असावा जरा धाक.”

दूध उतू गेलं. पुसून निघाले.

१ मार्च, शनिवार

कुणावर रागवायचं तेही कळत नाही आता. जिने लिहिलं तिला काही आठवत नाही, तिचे केस मी सोमवारी विंचरले. ज्याने राहू दिलं तो तिचे कपडे धुतोय. तेरा वर्षं गेली ती माझी.

अध्यक्षांना पत्र लिहिलं. दीड पान. परीक्षकांना हिब्रू नुसतं वाचता येतं, चार वर्षांचे शेरे एका आजारी बाईच्या जुन्या कार्डांवरून उतरवलेले आहेत. सगळं खरं. एकही शब्द जास्तीचा नाही.

पाकिटात घातलं. टेबलाच्या खणात आहे.

यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील जाऊ दे. हे म्हणाले, “टाक. तुझा हक्क आहे.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पण टाकल्यावर तिथे जाणार की नाही, ते आधी ठरव.”

ठरवा! सगळे मलाच सांगतात.

३ मार्च, सोमवार

गेले नाही.

अध्यक्षांनी विचारलं, काय म्हणतात परीक्षक? तब्येत बरी आहे ना? पत्र पर्समध्ये होतं. हात आत घातला आणि रुमाल काढला. म्हटलं, या आठवड्यात कळेल.

दिवसभर डोक्यात एकच — आज चादर कुणी बदलली असेल?

६ मार्च, गुरुवार

गेले. चादर बदललेली नव्हती.

आधी ते काम केलं, दोघांनी. आता त्यांना जमतं. वळवताना तोंडाने आकडे मोजतात.

मग बाहेरच्या खोलीत बसले आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. एका ठिकाणी सवयीने खिशाकडे हात गेला, पेनासाठी. थांबला.

मी म्हटलं, “हे मी देणार नाही. तुम्ही तुमच्या हाताने लिहायचं. पण लिहायचं. मी यावर खोटं बोलणार नाही.”

ते म्हणाले, लिहिलं तर तिची सगळी मेहनत चुकीची ठरेल.

मी म्हटलं, चुकीची का? उलट तिचं नाव लागेल. वीस-बावीस वर्षांचे अहवाल तिचे आहेत. ते चांगले होते. माझ्यावरचाही — हो, माझ्यावरचाही — बराचसा बरोबर होता. तेव्हा मला भाषा येत नव्हती. शेवटचं वाक्य नको होतं, बस.

ते खाली बघत म्हणाले, “त्याचं काय करू मी आता?”

काही करता येण्यासारखं नव्हतं. मी तसं सांगितलं. माफ केलं वगैरे म्हटलं नाही. केलेलं नाही. चहा केला, दोघांनी घेतला.

निघताना त्यांनी आझवचं कार्ड दिलं. म्हणाले, तुमच्याकडे असू दे. मी नको म्हटलं. खोक्यात मधलंच एक कार्ड कमी झालं तर शोधणाऱ्याला कळणार नाही.

१० मार्च, सोमवार

सरांचं पत्र शनिवारी पोचलं. अध्यक्ष आधी भडकले, मग घाबरले, मग हिशेब करत बसले की कोणकोणती पानं परत बघावी लागतील. मी म्हटलं, शेरे बाईंचे असले तरी शेरे चांगले आहेत, पानं बघायची गरज नाही. हे माझ्या तोंडून ऐकून टायपिस्टने टायपिंग थांबवलं.

अध्यक्ष म्हणाले, मग गाढवाचं तुम्हीच ठरवा, आता अडवायला कुणी नाही.

झालं! दिवसभर बसले आणि सुचेना. इतके दिवस समोर भिंत होती, तर माझी बाजू किती पक्की वाटत होती. आता धक्का मारायला कुणी नाही आणि मलाच खात्री नाही. क्रियापद दोन असतीलही. बाईंना ऐकू यायचं म्हणतात. त्यांच्या कानाला काहीतरी वेगळं लागलं असेल, जे मला अजून लागत नाही. विचारावं तर आता कसं विचारणार?

जेवताना यांच्यापुढे रडगाणं गायले. हे म्हणाले, डेपोत माल उतरवायचा तर आधी दोर सोडायचे. दोघांनी दोन बाजूंनी. एका बाजूने सोडला तर माल कलंडतो आणि माणूस खाली येतो. त्यासाठीच ‘बरोबर’.

तीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी जेवतोय.

ताट बाजूला सारून लिहिलं : ‘तुझा द्वेष करणाऱ्या माणसाचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर त्याला तसंच सोडून जाऊ नकोस, त्याच्याबरोबर मिळून ओझं सोडून खाली घे.’

तळटीप : ‘काही अभ्यासक इथे वेगळं क्रियापद मानतात; अर्थ — त्याच्याबरोबर त्याला मदत कर.’ तळटिपेत बाईंचं नाव घातलं. अध्यक्ष म्हणतील नियमात बसत नाही. भांडेन.

११ मार्च, मंगळवार

नियमात बसत नाही म्हणाले. भांडले. नाव राहिलं.

वॉचमनला नवं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाला, “हे बरं आहे. पण त्या दुष्मनाने आधी हाक मारायला हवी होती.”

१३ मार्च, गुरुवार

छपाईला गेलं. दोन दिवस आधीच. टायपिस्टने पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण पेढ्यांचं दुकान बंद होतं. सगळे खूश. मी घरी येऊन आडवी झाले आणि लक्षात आलं की चोविसाव्या अध्यायात एक अनुस्वार राहिलाय.

सरांकडे गेले नाही. दमले होते. कळवलंही नाही.

१५ मार्च, शनिवार

सरांचा काल फोन आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाले, एकट्याने आता झेपत नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलंय. उद्या सोडायचंय तिला. मग म्हणाले, “बरोबर याल का?”

आज सकाळी गेलो. त्यांनी बॅग घेतली, मी बाईंचा हात धरला. अर्जात ‘सोबत आलेल्याचं नातं’ असा रकाना होता. सरांनी ‘सहकारी’ लिहिलं, खोडलं, आणि पेन माझ्यापुढे केलं.

मी ‘घरची’ लिहिलं.